फॉरमॅट मारा म्हणे!

लॅपटॉपवर लिनक्स असेल आणि नेट बंद पडलं, तर आमच्या भंडारा जिल्ह्यात तीनच उत्तरं मिळतात. तुमसर असो, पवनी असो की लाखांदूर, उत्तरं ठरलेली. नेटची जोडणी देणारा म्हणतो, "लिनक्सला आपला सपोर्ट नाही." दुकानवाला म्हणतो, "फॉरमॅट मारून टाकू, विंडोज टाकू." आणि दिवाळीत घरी आला असताना हौसेने लिनक्स टाकून देणारा पुण्याचा दादा फोनवर म्हणतो, "अरे, ड्रायव्हरचा प्रॉब्लेम असेल, जरा गूगल कर." (नेट बंद असताना गूगल कसं करायचं, हे दादा सांगत नाही.)

माझ्या मते ही तिन्ही उत्तरं म्हणजे पाहण्याचं टाळण्याचे तीन प्रकार आहेत. नेट नेमकं कुठे अडलंय, हा साधा प्रश्न तिघांपैकी एकही विचारत नाही. डॉक्टरकडे ताप घेऊन गेलो आणि त्याने नाडी न बघता "तुम्ही शाकाहारी आहात ना, मग असंच होणार" म्हणून परत पाठवलं, तर आपण त्याला डॉक्टर म्हणू का? इथे मात्र आपण मान डोलावतो आणि पाचशेची नोट काढतो.

हा विषय आत्ताच काढायचं कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. घरगुती वापरणाऱ्यांना त्यापुढे फार तर एका वर्षाची मुदतवाढ. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप त्या यादीत बसत नाहीत. आता आमच्याकडे मुलांच्या हातात कोणते लॅपटॉप असतात? नागपूर-पुण्याला नोकरी करणाऱ्या भावाने नवा घेतल्यावर घरी पाठवलेले. कीबोर्ड ठीक, पडदा ठीक, रॅम चार जीबी, वय आठ-दहा वर्षं. या यंत्रांवर लिनक्स मिंटसारखी एखादी हलकी आवृत्ती टाकली तर ती आणखी चार-पाच वर्षं सुखाने चालतात. हा सिद्धांत नव्हे, चालताना बघितलेली गोष्ट आहे. पण पहिल्या आठवड्यात वायफाय अडलं की तोच लॅपटॉप दुकानात जातो, तिथे कुठूनतरी उतरवलेली चोरीची विंडोज त्यावर बसते, आणि सोबत व्हायरसही. किंवा तो थेट भंगारात जातो.

आणि नेट म्हणजे आता काही चैन राहिलेली नाही. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, सीईटीची प्रवेशफेरी, धान खरेदीची नोंदणी, सगळं मुदतीत आणि सगळं ऑनलाइन. शेवटच्या दिवशी नेट अडलं आणि समोरचा माणूस "लिनक्स आहे म्हणून" एवढं बोलून निघून गेला, तर नुकसान वर्षाचं होतं.

आता "लिनक्सवर नेट चालत नाही" या वाक्याकडेच बघू. हे वाक्य ज्या खोलीत बोललं जातं, तिथेच भिंतीवर राउटर लटकलेला असतो. त्या राउटरच्या पोटात काय असतं? बहुतेक घरगुती राउटरमध्ये लिनक्सच असतो. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर होता. त्याच्या आत लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं आणि परवान्यातल्या अटीमुळे कंपनीला २००३ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला, जो आजही शेकडो प्रकारच्या राउटरांवर चालतो. जोडणी द्यायला आलेल्या पोराच्या खिशातला अँड्रॉइड फोन? त्याचा गाभाही लिनक्सच. म्हणजे लिनक्सवाला फोन हातात धरून, लिनक्सवाल्या राउटरसमोर उभं राहून आमचा माणूस सांगतो की लिनक्सवर नेट चालत नाही. आता बोला!

खरं तर बिघाड शोधण्याची रीत आमच्या जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही. भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. मालगुजारी तलावाचं पाणी बांधीपर्यंत आलं नाही तर शेतकरी काय करतो? बांधी खणून नवी करत नाही. पाटाच्या कडेने चालत जातो. तलावात पाणी आहे का, दार उघडलंय का, पाट कुठे फुटलाय का, वरच्या कुणी माती टाकून पाणी आपल्याकडे वळवलंय का, आपल्याच बांधीचं तोंड बुजलंय का. एकेक जागा बघतो, आणि जिथे वर पाणी आहे पण खाली नाही, तिथे फावडं टाकतो. नेटचंही अगदी हेच आहे. वाटेत जागा ठरलेल्या आहेत आणि त्या पाच-सहाच आहेत.

पहिली जागा घराबाहेरची. त्याच वायफायवर फोन जोडून बघा (मोबाइल डेटा बंद करून, नाहीतर फोन तुम्हाला फसवतो). फोनवरही नेट नसेल तर लॅपटॉपला हात लावायचं कारणच नाही. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' असं लिहिलेला दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे प्रकाश डब्यापर्यंत पोचतच नाही. कुठेतरी तार तुटली आहे, वाकली आहे, किंवा रस्ता खणताना जेसीबीने उचलली आहे. विंडोज टाकून ती तार जुळत नाही.

दुसरी जागा लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड. फोनवर नेट आहे आणि लॅपटॉपला एकही वायफाय दिसत नाही, तर आधी कार्ड बंद तर नाही ना ते बघा. विमानाचं चित्र असलेली कळ चुकून दाबली जाते, जुन्या लॅपटॉपांना तर कडेला चक्क खटका असायचा. टर्मिनलमध्ये 'आरएफकिल लिस्ट' म्हटलं की लिनक्स सांगतो: सॉफ्ट ब्लॉक आहे की हार्ड ब्लॉक. म्हणजे सॉफ्टवेअरने बंद केलंय की खटक्याने.

तिसरी जागा ड्रायव्हर आणि फर्मवेअर. कार्ड सुरू आहे पण लिनक्सला ते चालवता येत नाही. 'एलएसपीसीआय' आज्ञा कार्ड कुणी बनवलंय ते सांगते आणि 'डीमेसेज' आज्ञा कुठली फर्मवेअर फाइल सापडली नाही ते नावानिशी सांगते. इथे लोक अडकतात, कारण फाइल उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी फाइल हवी. यावरचा उपाय घरोघरी खिशात आहे: अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो फोन तारेच्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो, सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मग मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडून हवी ती फाइल घ्या. हा एक उपाय माहीत असता तर आमच्याकडचे कितीतरी लॅपटॉप फॉरमॅटपासून वाचले असते.

चौथी जागा पत्ता. वायफाय जुळलं, पासवर्ड बरोबर, पण नेट नाही. राउटर प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता देतो. 'आयपी ए' असं टाइप करून बघा. १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होणारा पत्ता असेल तर राउटरने बहुधा आपलं काम केलंय. पत्ताच नसेल, किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा असेल, तर राउटरशी बोलणी झालीच नाहीत. राउटर बंद-चालू करा, जोडणी विसरायला लावून पुन्हा जोडा.

पाचवी जागा वाट आणि नाव. आधी राउटरला पिंग करा. उत्तर आलं तर घरातलं सगळं ठीक. मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला पिंग करा. राउटर उत्तर देतो आणि बाहेरचा देत नाही, तर अडचण जोडणी देणाऱ्याच्या बाजूची, आणि हे तुम्ही त्याला पुराव्यानिशी सांगू शकता. बाहेरचा आकडा उत्तर देतो पण संकेतस्थळाचं नाव टाकलं की काहीच होत नाही, तर डीएनएस बिघडलंय. म्हणजे रस्ता आहे, पत्ता सांगणारा माणूस नाही. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएनएसच्या रकान्यात १.१.१.१ किंवा ८.८.८.८ लिहिलं की बहुतेक वेळा काम होतं.

शेवटी दोन लबाड जागा, ज्यांनी भल्याभल्यांना चकवलंय. एक म्हणजे घड्याळ. जुन्या लॅपटॉपमधला बटणाएवढा सेल संपला की तारीख दहा वर्षं मागे जाते. मग पिंग चालतो, पण सुरक्षित संकेतस्थळं प्रमाणपत्र अवैध आहे म्हणून उघडत नाहीत. तारीख नीट करा, सेल बदला, झालं. दुसरी म्हणजे पाकिटाचा आकार. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्या पीपीपीओई पद्धतीच्या असतात. त्यात १५०० बाइटांपैकी ८ बाइट त्या पद्धतीच्या वेष्टणातच जातात आणि उरतात १४९२. राउटरने हे नीट सांभाळलं नाही तर छोटी पाकिटं जातात आणि मोठी अडकतात. गूगल उघडतं आणि बँकेचं पान अर्ध्यात लटकतं. पाकीट फोडू नको असं सांगून १४६४ बाइटांचा पिंग जातो आणि १४७२ चा जात नाही असं दिसलं, तर संशय इथेच घ्यायचा आणि लॅपटॉपवर एमटीयू १४९२ करून बघायचा.

झालं. एवढंच आहे. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम. आणि नीट बघा, या सगळ्या जागांपैकी 'लिनक्समुळे' म्हणता येईल अशी जागा फक्त एक, तिसरी. तिथेसुद्धा दोष कुणाचा ते इतिहास काढून बघण्यासारखं आहे.

डायल-अपच्या काळात बहुतेक नव्या संगणकांत 'विनमोडेम' यायचे. मोडेमचं निम्मं काम पैसे वाचवायला विंडोजच्या ड्रायव्हरवर टाकलेलं, आणि तो ड्रायव्हर बंदिस्त. मग लिनक्सवर मोडेम मुका. पुढे थ्रीजीचे डोंगल आले. ते यूएसबीत खोचले की आधी आपण सीडी ड्राइव्ह आहोत असं सांगायचे, कारण आत विंडोजचं इन्स्टॉलर ठेवलेलं असायचं. त्यांना "अरे, तू मोडेम आहेस" असं पटवायला लिनक्सवाल्यांना यूएसबी-मोडस्विच नावाचं वेगळं साधन लिहावं लागलं. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपांची माहिती कंपनी देईना, तेव्हा काही लोकांनी बंदिस्त ड्रायव्हर कसा वागतो ते उलगडून बघत स्वतःचा ड्रायव्हर लिहिला आणि तो २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आला. स्वतः ब्रॉडकॉमने खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये. डेबियनने तर तत्त्वासाठी बंदिस्त फर्मवेअर आपल्या अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवलं होतं. त्यांनीही २०२२ मध्ये मतदान घेऊन ते आत घेतलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते सोबत येतं. दर वेळी कुलूप बनवणाऱ्याने लावलं आणि फुकट राबणाऱ्यांनी उघडलं. आणि बदनाम कोण, तर उघडणारे!

"पण साध्या माणसाला हे सगळं कशाला? विंडोजवर आपोआप चालतं ना," असं म्हणणारे आहेत. त्यांना विचारतो: विंडोज ७ कोरी टाकल्यावर ड्रायव्हरची सीडी हरवलेली असली की काय व्हायचं, आठवतं का? ना वायफाय, ना लॅन, आणि ड्रायव्हर नेटवर. नवा लॅपटॉप विंडोजवर आपोआप चालतो कारण कारखान्यात कुणीतरी ड्रायव्हर आधीच बसवून ठेवलेला असतो. पाटाच्या बाकीच्या जागा तर विंडोजलाही तेवढ्याच आहेत. तुटलेली तार, चुकीचं डीएनएस, मेलेला सेल, यातलं काहीच ऑपरेटिंग सिस्टीमची जात विचारत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. काही वायफाय चिपा लिनक्सवर खरंच त्रास देतात. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त यूएसबी वायफाय पट्ट्यांना बाहेरून ड्रायव्हर बांधून घ्यावा लागतो आणि गाभा अद्ययावत झाला की तो पुन्हा मोडतो. अगदी नवी चिप असेल तर जुन्या गाभ्याला ती ओळखता येत नाही. अशा वेळी तासन्‌तास झगडण्यापेक्षा इंटेलचं किंवा अथेरॉसचं जुनं कार्ड बसवावं (काही लॅपटॉपांचं बायोस परकं कार्ड चालू देत नाही, तेवढं आधी बघावं). पण हा निर्णयसुद्धा तपासल्यावर घ्यायचा आहे. आणि त्याचा खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने काहीच नाही.

तपासलंच नाही तर काय होतं त्याचं एक उदाहरण सांगतो. माझ्या ओळखीतली लाखनी तालुक्यातली एक मुलगी, शेवटच्या वर्षाला, लॅपटॉपवर मिंट. नेट बंद पडलं. तक्रार केल्यावर दोन दिवसांनी पोरगा आला. पडदा बघून म्हणाला, "हे कायले टाकलं जी? याच्यात नेट नाई चालत. विंडोज मारून घ्या, मंग सांगजा." तक्रार बंद, कारण: ग्राहकाच्या यंत्रात बिघाड. मुलगी दुकानात गेली. दुकानदाराने न विचारता अख्खी डिस्क पुसली. प्रोजेक्टचा अहवाल गेला, आईवडिलांचे फोटो गेले. विंडोज बसली, आणि नेट? बंदच! कारण जोडणीचं नूतनीकरण करताना त्यांच्याच कार्यालयात पीपीपीओईचा पासवर्ड बदलला होता आणि राउटरमध्ये जुनाच राहिला होता. त्या घरातल्या एकाही फोनवर त्या वायफायने नेट चालत नव्हतं. त्या पोराने स्वतःचा फोन जोडून बघितला असता तर एका मिनिटात कळलं असतं.

माझा राग त्या पोरावर नाही. दिवसाला पाच-सहा गावं फिरायची, प्रत्येक तक्रार बंद करायची, पगार कंत्राटी, शिकवलंय फक्त तार जोडायला. त्याच्या हातात कुणी चेकलिस्ट दिली नाही. राग आहे तो "लिनक्स" हा शब्द तक्रार बंद करायचं वैध कारण मानणाऱ्या व्यवस्थेवर. जोडणी देणाऱ्याची जबाबदारी डब्यातून बाहेर येणाऱ्या तारेपर्यंत आहे. तिथे स्वतःचं यंत्र लावून नेट येतं की नाही ते त्याने दाखवावं. येत असेल तर पुढचं माझं मी बघेन. येत नसेल तर माझ्या पडद्यावर काय चित्र आहे याच्याशी त्याला काय करायचंय?

राग आहे तो आपल्या शिकवण्यावर. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत महाराष्ट्रात लाखो मुलांनी एमएस-सीआयटी केलं, कारण सरकारी नोकरीला ते लागतं. त्या अभ्यासक्रमाचा कणा वर्षानुवर्षं विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस हाच राहिला. एक्सेलमध्ये रंग भरता येणारा आणि आयपी पत्ता म्हणजे काय हे न कळणारा प्रमाणपत्रधारक आपण घाऊक प्रमाणात तयार केला. तिकडे केरळने २००० च्या दशकातच सरकारी शाळा लिनक्सवर नेल्या. तिथली काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली आवृत्ती काढते आणि शिक्षकांना शिकवते. केरळातल्या खेड्यातली पोरं काही वेगळ्या मातीची नाहीत. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण मार्च २०१५ चं आहे, सी-डॅकची बॉस लिनक्स तर २००७ ची. कागदावर सगळं आहे. पाट कुठे फुटलाय तेवढं कुणी चालत जाऊन बघत नाही.

आणि शेवटचा राग, मंडळी, आपल्यावर, म्हणजे लिनक्सच्या भक्तांवर. दुसऱ्याच्या यंत्रावर लिनक्स टाकायचा, टाळ्या घ्यायच्या आणि गाडी पकडायची, ही सवय वाईट आहे. त्याहून वाईट सवय म्हणजे निदान न करता आज्ञा पाठवणं. "टर्मिनल उघड आणि हे पेस्ट कर." काय आहे ते? विचारू नको, पेस्ट कर. मग तो बिचारा डीएनएसची फाइल हाताने बदलतो, पुढच्या जोडणीला ती पूर्ववत होते, कारण ती फाइल आता दुसराच कार्यक्रम सांभाळतो. कुणी आयपीव्ही६ बंद करायला सांगतं, कुणी गाभाच बदलायला सांगतं. दुकानदाराचं फॉरमॅट आणि आपलं हे पेस्ट यात फरक तो काय? दोन्हीत आजार न बघता औषध. लिनक्सचा सगळ्यात मोठा गुण हा की तो काय बिघडलंय ते शब्दांत सांगतो. ते शब्द वाचायला शिकवायचं सोडून आपण मंत्र वाटत बसलो आहोत. आणि वाटतो तेही इंग्रजीत.

असो. उपाय फार मोठे नाहीत. लिनक्स टाकून देणाऱ्याने सोबत एक कागद मराठीत लिहून द्यावा: वरच्या जागा क्रमाने, प्रत्येकीसमोर काय दिसलं तर काय करायचं. वायफाय चिपेचं नाव त्यावर लिहावं. फोनच्या वायरने टेदरिंग एकदा करून दाखवावं. दुकानदाराला स्पष्ट सांगावं की न विचारता डिस्क पुसायची नाही, आणि पुसण्याआधी फाइली पेन ड्राइव्हवर काढून घ्याव्यात. जोडणी देणाऱ्याकडे तक्रार करताना डॉकेट क्रमांक मागावा. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत तो आहे, आणि उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाण्याची सोयही आहे. तक्रारीत "नेट चालत नाही" असं मोघम लिहू नये. "राउटरपर्यंत पिंग जातो, ८.८.८.८ ला जात नाही, घरातल्या दोन फोनवरही हेच" असं लिहावं. त्यावर "तुमचं लिनक्स आहे" हे उत्तर लिहिताना लिहिणाऱ्यालाही जरा जड जाईल.

आणि तरीही कुणी फॉरमॅट मारा म्हणालाच, तर त्याला शांतपणे एवढंच विचारावं: भाऊ, पाणी कुठवर आलंय ते बघितलं का?